चारशे एकरांचं स्थळ

कुणाचंही घराणं शोधून काढायचं असलं ना, तर माझ्याकडं या! कंप्युटर नको, कागदपत्रं नकोत. माणसाला समोर बसवायचं आणि चहा पाजायचा. गाव कुठलं, आडनाव काय, मामा कुठला, आत्या कुठं दिली, एवढं विचारलं की चहा निवायच्या आत तो माणूस तुमच्या चुलतसासऱ्याच्या साडूचा पुतण्या निघतो की नाही बघा! एकदा मिरजेच्या स्टँडवर माझं पाकीट मारणारा मी स्वतः पकडला होता. चार प्रश्नांत तो माझ्या मावशीच्या गावचा निघाला, आणि शेवटी मीच त्याला उसाचा रस पाजून घरी आलो.

तर ही विद्या मी एका अमेरिकन माणसासाठी वापरली आणि माझ्याच पोरीचं ठरलेलं लग्न मोडायची पाळी आली. ऐकाच.

मी सोमशेखर. शाहूपुरीत आमची गुळाची अडत आणि राजारामपुरीत दुमजली घर. २००१ साली वरचा मजला मी प्रुइटसाहेबांना भाड्यानं दिला. साहेब अमेरिकेचे, साठी उलटलेले, दारातनं वाकून आत येणारे. इकडच्या एका साखर कारखान्यात नवा बॉयलर बसवायचा होता, त्यासाठी आलेले. माणूस लाखात एक! दिवसभर कारखान्यात राबायचे आणि संध्याकाळी आमच्या अव्वाबरोबर व्हरांड्यात शेंगा फोडत बसायचे. अव्वा म्हणजे माझी आई, शांतव्वा. ती निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलायची, साहेब सगळं इंग्लिश बोलायचे, आणि दोघांच्या तासतासभर गप्पा चालायच्या!

साहेबांना नाद एकच, स्वतःच्या घराण्याचा. त्यांचा मूळपुरुष जेडेडाया प्रुइट. अमेरिकेवर इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचा माणूस. पेनसिल्व्हेनिया म्हणून मुलूख आहे तिकडं. त्याच्या पार टोकाला, जिथं रस्ता संपून नुसतं रान सुरू होत होतं, तिथं हा बाबा कुऱ्हाड घेऊन गेला. झाडं तोडली, लाकडाचं घर बांधलं आणि चारशे एकर धरून बसला. तिथून खालचं सगळं घराणं साहेबांना तोंडपाठ. वंशावळीचा चांगला सतरंजीएवढा नकाशा काढून ठेवला होता त्यांनी, गुंडाळी करून. पण वरच्या बाजूला सगळा अंधार! जेडेडाया कुठनं आला? माहीत नाही. त्याची बायको हॅना कुणाच्या घरची? माहीत नाही. साहेब वीस वर्षं हेच शोधत होते.

“वीस वर्षं?” मी म्हणालो. “साहेब, मला आठ दिवस द्या!”

माझी मुलगी शांभवी आमच्यात दुभाषी असायची. हे इंग्लिशमध्ये सांगायच्या आधी तिनं माझ्याकडं नीट बघून घेतलं.

“पप्पा, अमेरिका हाय ती. गडहिंग्लज न्हवं.”

“माणसं सगळीकडं सारखीच, पोरी! तू सांग त्यास्नी.”

तिनं सांगितलं. साहेबांनी उठून माझा हात एवढा हलवला की दंड दुखायला लागला.

आता मधेच एक गोष्ट सांगून ठेवतो. शांभवीचं लग्न तेव्हा ठरलं होतं. मुलगा संगमेश, निपाणीचा, पुण्यात इंजिनियर. त्याचे वडील बसवराजअण्णा तंबाखूचे व्यापारी, मनानं चांगले पण तोंडानं असे फटकळ की समोरच्याला घाम फुटावा. साखरपुडा येत्या रविवारी होता. दुपारी पुण्याचा फोन वाजला की शांभवी हातातली भाकरी तव्यावर टाकून धावायची. आम्ही आठवडाभर करपलेल्या भाकऱ्या खात होतो आणि कुणाची काही तक्रार नव्हती. पोरगी इतकी खुशीत मी कधी बघितली नव्हती.

तर माझा बेत असा. कोल्हापुरातली कितीतरी पोरं आता अमेरिकेत आहेत. जेडेडायाची माहिती एका कागदावर छापायची, त्या पोरांच्या आईबापांना वाटायची, ते फोनवर पोरांना सांगतील, पोरं तिकडं चौकशी करतील. माणसामार्फत काम! मी साहेबांकडनं माहिती घेतली आणि मराठीत लिहून काढली. जन्म १७३१. उंची सहा फूट दोन इंच. शेती चारशे एकर. घर स्वतःचं. वडील अज्ञात. पत्नी हॅना. आणि खाली ठळक लिहिलं, ‘शोध : पत्नीच्या घराण्याचा.’

गल्लीच्या तोंडाला प्रसेनजीतचं डीटीपीचं दुकान होतं. गडी हुशार, कामाला वाघ. लग्नपत्रिका आणि मुलामुलींचे बायोडाटे छापण्यात अख्ख्या राजारामपुरीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गुळाचा ऐन हंगाम, अडतीत श्वास घ्यायला सवड नाही. मी स्कूटर बंद न करताच कागद त्याच्या हातात दिला.

“नीट टाईप करून शंभर कॉप्या काढ. खाली माझा फोन नंबर टाक. ज्यांचं ज्यांचं कुणी अमेरिकेत हाय त्यास्नी दे. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचलं पायजे!”

“पोचतंय की आप्पा! माझ्यावर सोडा.”

मी त्याच्यावर सोडलं. तिथंच गंडलो.

दुसऱ्या दिवशी जेवायला घरी आलो तर फोन वाजला.

“हॅलो पावणं! गगनबावड्यासनं कृष्णात बोलतोय. त्यो प्रुइटांचा कागद बघितला.”

माझं काळीज सुपाएवढं झालं! एका दिवसात गगनबावड्यापर्यंत धागा लागला!

“बोला बोला! काय माहिती हाय?”

“माहिती आमालाच पायजे की. मानूस कसा हाय?”

“एक नंबर! एकट्यानं रान तोडून घर बांधलंय.”

“व्यसन?”

“शिकारीचा नाद होता.”

“होता म्हंजे? सुटला?”

“सुटला म्हणायचा. आता कसली शिकार करतोय!”

“ब्येस. जमीन चारशे एकर म्हणं. पान्याखाली हाय?”

“नदीकाठाला हाय.”

पलीकडं “नदीकाठाला हाय गं!” असं कुणालातरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं. मला भरूनच आलं. परक्याच्या घराण्यात एवढा रस! ही माणुसकी फक्त आपल्या जिल्ह्यात!

“वादबीद न्हाय न्हवं जमिनीवर?”

“आता खरं सांगू का, जमीन मूळची तिथल्या लोकांची. हा जाऊन मधीच बसला. त्यावरनं लई भांडणं झाली.”

“आरारारा! म्हंजे कुळ लागलंय!” कृष्णातनं तोंडातल्या तोंडात हिशेब केला. मग म्हणाला, “असू दे. शंभर एकर गेलं तरी तीनशे ऱ्हातंय. मग पोरगी बघायला कधी येतासा?”

“कुठली पोरगी?”

“माझी भाची की! डी.एड. झालीया. भात लावायला दोन बायांस्नी ऐकत न्हाय!”

माझ्या हातातला घास हातातच राहिला.

“अहो पावणं, काहीतरी घोटाळा झालाय. तो मेलाय!”

“आँ? कवा?”

“सव्वादोनशे वर्षं होत आली!”

 मग कृष्णातचा आवाज आला, दुखावलेला.

“पावणं, न्हाय जमायचं तर सरळ न्हाय म्हणा. गरिबाची चेष्टा कशापायी करतासा?”

आणि फोन खाली! मी तसाच खरकट्या हातानं प्रसेनजीतच्या दुकानात पळालो. त्यानं मोठ्या अभिमानानं कागद माझ्यापुढं धरला. वर ‘श्री बसवेश्वर प्रसन्न’. खाली गुलाबाच्या वेलबुट्टीत, ‘चि. जेडेडाया प्रुइट, अमेरिका. जन्म १९७१. शेती चारशे एकर. स्वतंत्र घर. आईचे नाव : हॅना. शोध : पत्नीचा. अपेक्षा : मुलगी सुशील व गृहकृत्यदक्ष. जातीची अट नाही. हुंडा नको. संपर्क : सोमशेखर, राजारामपुरी.’

मी मटकन बाकड्यावर बसलो.

“अरे, मी सतराशे एकतीस लिहिलंतं!”

“व्हय. तुमची चूक झालती. लग्नाच्या वयाचं धरून दुरुस्त केली की मी!”

“आणि हॅना त्याची आई न्हवं रे, बायको!”

प्रसेनजीतनं माझ्याकडं कीव केल्यासारखं बघितलं. “आप्पा, बायोडाट्यात बायकूचा रकाना नसतोय. लग्नाच्या आधी काढत्यात त्यो. म्हटलं, घाईत लिवलंय तुमी, आईच असनार.”

“आणि हुंडा नको, जातीची अट न्हाय, हे कुणी सांगितलं तुला?”

“ते मी सगळ्यांच्यातच घालतो,” तो जरा ताठ होऊन म्हणाला. “माझ्या दुकानातनं दुसरं काय छापून जात न्हाय!”

एवढ्यापुरता मात्र माणूस बरोबर होता.

“कॉप्या किती गेल्या?”

“सगळ्या! आनि अजून शंभर काढल्यात. लई मागनी हाय!”

पुढच्या दोन दिवसांत आमच्या घराचं काय झालं म्हणून सांगू! फोन ठेवला की वाजायचा. राधानगरी, कागल, मुरगूड, एक तर थेट चिकोडीचा. मी सगळ्यांना एकच सांगायचो, “मुलगा सव्वादोनशे वर्षांपूर्वी वारलाय.” आणि सगळे एकच समजायचे, की या माणसाला स्थळ दुसऱ्याला द्यायचं नाही, म्हणून बनवाबनवी करायला लागलाय. फोनवर दाद मिळेना म्हणून मग माणसं दारात यायला लागली. राधानगरीच्या बाळाबाई जीप भरून आल्या. सोबत दोन मुली, तिघी जावा आणि घनसाळ तांदळाचं पोतं!

“अहो बाळाबाई, मुलगा हयात न्हाय!”

“मग वर गॅलरीत उभं हाय ते कोन?” बाळाबाईंनी कमरेवर हात ठेवला. “मुलाचं चुलतंच हाईत न्हवं ते? त्येंच्या तोंडनंच ऐकू द्या.”

आणि इथं प्रुइटसाहेबांनी घात केला! बिचाऱ्यांना वाटलं, अख्खा जिल्हा आपल्या जेडेडायाची विचारपूस करायला आलाय. ते हातात नकाशाची गुंडाळी घेऊन धावत खाली आले. बाळाबाईंनी विचारलं, माणूस तब्येतीनं कसा? शांभवीनं इंग्लिशमध्ये सांगितलं. साहेब छातीवर हात मारून म्हणाले, एक दिवस आजारी पडला नाही! कामाला? पहाटेपासून अंधार पडेपर्यंत! स्वभाव? कमी बोलायचा, शब्दाला पक्का! बाळाबाईंच्या जावा एकमेकींकडं बघून माना डोलवत होत्या. मधनं मधनं मी “मेलाय, मेलाय” म्हणत होतो, तिकडं कुणाचं लक्ष नाही.

ती मंडळी गेल्यावर साहेबांनी डोळे पुसले. शांभवी म्हणाली, “पप्पा, ते म्हणतायत की त्यांची स्वतःची पोरं हा नकाशा उघडला की उठून जातात. इथली माणसं जीप करून येतात. असलं गाव त्यांनी जगात बघितलं नाही.”

आता या माणसाला काय तोंडानं सांगायचं, की मंडळी घराण्यासाठी नाही, जमिनीसाठी येतायत? नाही सांगवलं मला. मी म्हणालो, “सांग त्यास्नी, कोल्हापूरच हे! हितं असंच असतंय.”

पण त्या गर्दीत एक निपाणीचा माणूस होता. त्यानं काय बघितलं? अमेरिकेचा चुलतसासरा घरात मुक्कामाला. माझी पोरगी त्याच्याशेजारी बसून मुलाचे गुण सगळ्यांना हौसेनं सांगायला लागलीय. आणि आलेल्या प्रत्येकाला मी “मुलगा मेला” म्हणून दारातनं घालवतोय. दुसरा अर्थ काय काढणार तो तरी!

शुक्रवारी सकाळी बसवराजअण्णांचा फोन आला.

“सोमशेखरआप्पा, अमेरिकेचं स्थळ आलंय म्हणं तुमच्यात. चारशे एकराचं.”

“अण्णा, तसं काय न्हाय हो! तो मेलाय!”

“मेलाय? कवा?”

काय सांगायचं याचा मी विचार केला. पण माझ्या तोंडातनं खरंच गेलं. “सतराशे एक्क्याऐंशी साली.”

अण्णांचा आवाज चढला.

“ऐका. आमी खेडवळ असलो तरी येडं न्हाय. जास्ती जमिनीचा मिळाला तर सांगायचं की तोंडावर! रविवारचा साखरपुडा धरू नगा. आमी दुपारी येतावं, हिशेब तोंडावरच मिटवून जातावं.”

मी वळलो तर मागं शांभवी उभी. तिनं सगळं ऐकलं होतं.  मग तिचा चेहरा असा काही झाला की मला लहानपणीची शांभवी आठवली, जत्रेत फुगा फुटल्यावरची.

“पप्पा, हे लग्न मोडलं ना, तर मी दुसरं करणार न्हाय. त्या जेडेडायाशीच लावा माझं! छापलायसा न्हवं त्याला?”

आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. दुपारी पुण्याचा फोनही वाजला नाही. भाकऱ्या त्या दिवशी अजिबात करपल्या नाहीत, आणि कुणाला घास गिळवेना. मला तर स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं. एवढी चौकस माणसं या गावात, त्यात मीच सगळ्यात शहाणा! अव्वा एवढंच म्हणाली, “सोमू, पुढच्या खेपंला कुणाचं घराणं शोधायचं झालं तर आधी मला इचार. मी तुला खोलीत कोंडून घालतो.” आमची अव्वा तावात आली की बाप्यासारखं बोलायची.

दुपारी दोन जीप दारात थांबल्या. बसवराजअण्णा, त्यांचे तीन भाऊ, मागं सगळी भावकी. संगमेशही आला होता, खाली मान घालून. सगळे हॉलमधे बसले. पाणी ठेवलं, कुणी शिवलं नाही. आमच्यात पाहुण्यानं पाणी नाकारलं म्हणजे कोर्टातला निकाल लागल्यागत असतं. 

“बोला,” अण्णा म्हणाले. “कुठं हाय तुमचा अमेरिकेचा जावई?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात जिन्यावर धडधड पावलं वाजली! खाली जीप थांबलेल्या बघून साहेबांना वाटलं, आज मोठी सभा! हसत हसत आले, सगळ्यांना दोन्ही हातांनी नमस्कार केला आणि काही कळायच्या आत गुंडाळीचं एक टोक बसवराजअण्णांच्या हातात दिलं. बाकीचा नकाशा त्यांनी सरळ भावकीच्या मांडीवरनं उलगडत नेला. निपाणीचे बारा-पंधरा रांगडे गडी कागद फाटेल म्हणून श्वास रोखून बसले!

“हे काय हाय?” अण्णा गरजले.

“अण्णा, तुमच्या हातात वरचं टोक हाय,” मी हात जोडले. “तेवढं वाचा. मग काय मारायचं ते मारा.”

अण्णांनी चष्मा लावला. त्यांचं इंग्लिश चांगलं, तंबाखूच्या पावत्या सगळ्या इंग्लिशमध्ये असायच्या. “जेडेडाया प्रुइट,” त्यांनी मोठ्यानं वाचलं. “सतराशे एकतीस ते...” ते थांबले. पुन्हा वाचलं. मग चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. “आप्पा, ह्यो खरंच मेलाय की!”

“तेच मी तीन दिवस बोंबलालोय!”

भावकीत कुणीतरी फिसकन हसलं. पण अण्णांचं लक्ष नव्हतं. त्यांचं बोट नकाशावरनं खाली सरकायला लागलं. काय सांगू, समोर घराणं उलगडलेलं आणि आपल्याकडचा माणूस गप्प बसणार? शक्य आहे का! “ह्यो थोरला. ही पोरगी कुठं दिली? बरं, बरं. ह्येला पोर न्हाय व्हय? दत्तक न्हाय घेतला?” शांभवी दाराआडनं बाहेर आली आणि हळूहळू सांगायला लागली. संगमेशनं नकाशाची मधली बाजू उचलून धरली, तिला नीट वाचता यावं म्हणून. मी ते बघितलं आणि जरा जीवात जीव आला.

फिरून बोट वरच्या टोकाला आलं.

“ह्येची बायको कुनाची?” अण्णांनी विचारलं. “नुसतं हॅना लिवलंय. बापाचं नाव? गाव? भाऊ किती?”

शांभवीनं साहेबांना विचारलं. साहेबांचा चेहरा पडला. ते सावकाश बोलले आणि शांभवीही तितकंच सावकाश सांगत गेली. “ते म्हणतात, तेच तर माहीत नाही. तिला नऊ मुलं झाली. चार गेली. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं रान राखलं. पण ती कुठून आली, तिची माणसं कोण होती, कुठंच लिहिलेलं नाही. साहेब वीस वर्षं तिचीच माणसं शोधतायत.”

 साहेब हॅनाच्या नावावरनं बोट फिरवत उभे राहिले.

अव्वा आतल्या दारात बसली होती. ती म्हणाली, “म्हंजे बिचारीला माहेरच न्हाय?”

“न्हाय अव्वा.”

“नऊ बाळंतपणं, आन माहेर न्हाय? सनाला कुठं गेली आसंल गं बाई?”

अव्वा गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली. कपाट वाजलं. परत आली ती हातात ताट घेऊन. ताटात हिरवा इरकली खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. हा खण तिनं शांभवीच्या साखरपुड्यासाठी आणलेला होता, मी ओळखला. तिनं ताट साहेबांच्या पुढं धरलं.

“पदर कर रे तिच्या वतीनं,” ती म्हणाली.

साहेबांना कळेना. शांभवीनं रडत रडतच त्यांच्या शर्टाचं पुढचं टोक त्यांच्या दोन्ही हातांत धरून दिलं. सहा फुटी बॉयलरवाला आमच्या हॉलमधे ओटी पसरून उभा राहिला! अव्वानं नकाशावरच्या हॅनाच्या नावाला हळदकुंकू लावलं आणि ओटी भरली.

“हन्नव्वाचं माहेर आजपासनं हितं,” अव्वा म्हणाली. “तिला म्हणावं, दिवाळीला यायचं.”

शांभवीनं ते इंग्लिशमध्ये सांगितलं आणि एवढा मोठा माणूस पोरासारखा रडायला लागला. मग मी. मग भावकीतले दोघे. मला नाही लाज वाटत सांगायला.

बसवराजअण्णांनी घसा खाकरला. समोरचा पाण्याचा तांब्या उचलला आणि घटाघटा अर्धा संपवला. मी देवाला हात जोडले.

“आप्पा,” ते म्हणाले, “मरून गेलेल्या परक्या बाईला जे घर माहेर देतंय, त्या घरची पोरगी सोडायला मी काय येडा हाय? रविवारी येतावं. आन त्यो खण साखरपुड्याचा हुता वाटतं? असू दे, आमी निपाणीसनं आनतावं दुसरा.”

रविवारी साखरपुडा झाला, वैशाखात लग्न झालं. प्रसेनजीतनं पत्रिका छापल्या आणि मी तीनदा वाचून घेतल्या. साहेब बॉयलर सुरू करून अमेरिकेला गेले, जाताना खण-नारळ पिशवीत न ठेवता छातीशी धरून घेऊन गेले.

इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण चारशे एकरांचे फोन काही थांबले नव्हते! लग्न झालं, पावसाळा झाला, तरी आठवड्याला दोन-तीन. मी म्हणायचो “मेलाय”, ते म्हणायचे “बहाणं सांगू नगा”. शेवटी मी नादच सोडला.

दिवाळीच्या आधी साहेबांचा फोन आला. शांभवी सणाला माहेरी आली होती, तिनंच घेतला. ऐकता ऐकता तिनं तोंडावर हात ठेवला.

“पप्पा, शोध लागला! जेडेडाया इंग्लंडचा. तिथं त्याची बायको होती, दोन पोरं होती. त्यांना टाकून तो रातोरात जहाजात बसला आणि अमेरिकेला पळाला! हॅनाशी दुसरं लग्न!”

अव्वाच्या हातातला चकलीचा सोऱ्या तसाच थांबला.

“काय? माझ्या हन्नव्वाला फसवलं मुडद्यानं?” ती कडाडली. “सोमू! तू तिचा भाऊ. नुसता बसलाईस काय? चौकशी न करता पोरगी दिली की असंच व्हतंय! चारशे एकर बघून भुललं आसतील तिच्या घरचं!”

“अव्वा, तिच्या घरचे आता आपणच हाय.”

“मग आपलंच चुकलं!” असं म्हणून ती दिवसभर कुणाशी बोलली नाही.

मला मात्र एक रस्ता सापडला! दुसऱ्या दिवशी मुरगूडचा फोन आला, तेव्हा मी खालच्या आवाजात म्हणालो, “पावणं, तुम्हांला म्हणून सांगतो. मुलाचं आधी लग्न झालेलं निघालं.” झालं! दोन दिवसांत सगळ्या जिल्ह्यात बातमी पोचली आणि फोन जो बंद पडला तो पडलाच. सव्वादोनशे वर्षांपूर्वी मेलाय म्हटलं तर कुणाला पटत नव्हतं. आधीची बायको आहे म्हटल्यावर लगेच पटलं!

आठवडाभर घरात कशी शांतता! लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी मी अंघोळ करून फराळाला बसलो, तोंडात चकली घातली आणि फोन वाजला.

“हॅलो पावणं! गगनबावड्यासनं कृष्णात बोलतोय. वळखलासा?”

“ओळखलं की. पण तुम्हांला कळलं नाही का? मुलाचं लग्न झालंतं आधी.”

“कळलं. म्हणून तर फोन केला. पयली हाय का गेली?”

“गेली.”

“आन दुसरी झालती म्हणं?”

“ती पण गेली.”

“पोरंबाळं?”

“सगळी गेली बिचारी.”

“अरारा! वंगाळ झालं,” कृष्णात मनापासून हळहळला. मग जरा थांबून म्हणाला, “पर म्हंजे आता मोकळाच हाय की! मग अडचण काय हाय, पावणं?”

आणि खोटं कशाला बोलू? तोंडातली चकली चावता चावता, क्षणभर, अडचण नेमकी काय होती ते माझ्याही लक्षात येईना.